पाचाचा गोल

भूकंपानंतरच्या वर्षात आमच्या घरी कुणी भिंतीला टेकून बसत नव्हतं. जेवायला आम्ही तिघंही खोलीच्या अगदी मधोमध बसायचो, गुडघ्याला गुडघा लावून, आणि मध्ये भाकरीची टोपली. अम्मीनं फडताळात एक परात ठेवली होती, परातीत उपडा पेला आणि पेल्यावर एक छोटी वाटी. जमीन हलली की आधी ती वाटी वाजणार आणि आपण दाराबाहेर पळणार, असं तिचं गणित होतं. पण वाटी कशानंही वाजायची. गोलाईच्या बाजारचौकाकडून ट्रक आला की वाजायची. अब्बांनी शिलाईचं मशीन चालवलं की वाजायची. अंबाडीच्या भाजीत बोटं बुडवलेली तशीच मी अंगणात धाव घ्यायचे आणि मागून अब्बा ओरडायचे, "अगे शमीम, मैं सी रहा हूँ, मैं!" शेवटी त्यांनी मशीन उचलून अंगणातल्या पत्र्याखाली नेलं आणि उन्हापावसात तिथंच बसायला लागले. अजूनही मी कुणाच्या नव्या घरी गेले की आधी दार आत उघडतं की बाहेर ते बघते. मुलं हसतात. हसू देत बापडी.

भूकंपाच्या त्या पहाटे आमच्या गल्लीत कुणी दगावलं नाही. पण अब्बा लोकांबरोबर पडलेल्या गावांकडे गेले, तीन दिवसांनी परतले आणि हातपाय धुतले. तिकडे काय पाहिलं ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. फक्त त्यांना एक नवी सवय लागली. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर कोनाड्यापासून आढ्यापर्यंत एक भेग गेली होती. रोज सकाळी चहाच्या आधी अब्बा स्टुलावर चढायचे, गळ्यातला टेप काढून ती भेग मोजायचे आणि गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वहीत मागच्या पानावर आकडा टाकायचे. ते सगळं उर्दूत. मी मराठी शाळेतली. कुराण वाचायला गल्लीतल्या आपाकडे शिकले होते, अक्षरं ओळखू यायची, पण तिथं आकड्यांवर कुणी बोट ठेवायला लावत नसे. वाक्य संपावं तशी आयत संपली की गोल येतो, एवढंच डोळ्यांत राहिलेलं. अब्बा बाजारात गेले की मी ती वही चोरून बघायचे. रोज एकच खूण असायची, एक छोटा गोल. म्हणजे शून्य. म्हणजे भेग वाढली नाही. त्या शून्यावर भरवसा ठेवून मी त्या घरात झोपायचे, अभ्यास करायचे, केस विंचरायचे. विचारायचं मात्र धाडस नव्हतं. विचारलं आणि ते दुसरंच काही म्हणाले तर?

लातूर तेव्हा क्लासच्या पोरापोरींनी भरून चाललं होतं. नायगावची, भोकरची, कुठकुठली मुलं खोल्या करून राहायची, आणि ज्या घरांना तडे गेले होते त्यांच्याही माडीवर 'खोली भाड्याने' अशा पाट्या लागल्या. अब्बांच्या मनात मला डॉक्टर करायचं होतं. माझा क्लास तिसऱ्या मजल्यावर भरायचा. मी कायम दारापाशी बसायचे आणि पंखा हलला तरी खुर्चीची कड धरायचे. जीवशास्त्राचे सर फळ्यावर वाटाण्याची जांभळी आणि पांढरी फुलं काढायचे. जांभळं भारी, पांढरं दबून राहणारं. दबलेलं आहे म्हणून ते गेलेलं नसतं, पुढच्या पिढीत तीनास एक या हिशेबानं वर येतं. "दोन गुण पक्के, तोंडपाठ करा," असं ते म्हणायचे. मी केलं. त्याचा जगण्याशी काही संबंध असेल हे मला तेव्हा स्वप्नातही आलं नसतं.

शहराबाहेर सोयाबीनवर संशोधन करणारं एक फार्म होतं. अब्बा तिथल्या बियांसाठी कापडी थैल्या शिवून द्यायचे. अकरावीची परीक्षा झाली आणि सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जायला लागले, कारण तिथं आभाळ होतं आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. फार्मचा मुकादम ग्यानबामामा. तांबडा पटका, मोतीबिंदूनं दुधाळलेले डोळे, आणि निवृत्तीला तीनच महिने उरलेले. अब्बांशी त्याची जुनी दोस्ती. सोयाबीनचा प्रयोग मला समजावला तो त्यानंच. फार्मवरच्या संशोधक साहेबांनी दोन वाणांचा संकर केला होता. एक उंच, जांभळ्या फुलाचा, उशिरा येणारा. दुसरा बुटका, पांढऱ्या फुलाचा, लवकर येणारा. त्यांच्या नातवंडांच्या पिढीत प्रत्येक झाड वेगळं निघालं. कुणी नुसतं वाढतच सुटलेलं, कुणी चार शेंगांवर थांबलेलं. त्यातून साहेबांनी दहा झाडं निवडली आणि दहा ते एकोणीस असे नंबर दिले. पहिले नऊ नंबर मूळ वाणांना गेले होते. "दहा नंबर म्हंजी निस्ता पाला," ग्यानबामामा सांगायचा. "मानसायेवढं वाढलं, शेंगाच न्हाईत. साहेबानं मुद्दाम ठिवलं, ताडून बघायला. पर पंधरा नंबर बघायचा हुतास तू. कमरेयेवढं झाड, बुडापासून शेंड्यापत्तुर शेंगा, आन् वाळलं तरी एक शेंग फुटून दाना सांडला न्हाई. पाच वर्सं झाली ह्या कामाला, आसं झाड म्या पाह्यलं नव्हतं."

मी विचारलं, "मग ते एकच झाड पुरतं का?"

"तेच तर बघायचं हाय. खताच्या ढिगाजवळ उगवलं म्हून माजलं का त्येच्या रक्तातच हाय, ते त्येची लेकरं सांगतील. एका झाडाचं बी एका वळीत पेरायचं. लेकरं बापावानी निघाली तर खरं."

त्या झाडांचं बी ज्या थैल्यांत होतं त्यांवर नंबर ग्यानबामामाच्या हातचे होते. तो निजामाच्या राजवटीत तिसरीपर्यंत शिकलेला, सगळं उर्दूतून. त्यामुळे हा पटकेवाला हिंदू म्हातारा आकडे उर्दूत लिहायचा आणि साहेब पुण्याकडचे, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. थैल्यांना उंदीर लागले होते. पेरणीआधी बी नव्या थैल्यांत भरून त्यावर सगळ्यांना कळतील असे नंबर घालायचे होते, आणि मामाला आता जवळचं दिसत नव्हतं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुज्या अब्बाला थैल्या शिवायच्या हायेत. तुला उर्दू येतंय न्हवं? इब्राहिमभाईची लेक तू."

अब्बा तिथंच थैल्या मोजत बसलेले. मी अब्बांकडे पाहिलं, आणि शरमेनं म्हणाले, "हाव, येतं."

उर्दू आमच्या रक्तातूनच येते असं मामाला वाटलं, आणि मी ते खोडून काढलं नाही. बस, एवढंच खोटं बोलले. आयुष्यात याहून मोठी खोटी बोलले असेन, पण इतकं महाग दुसरं कुठलं पडलं नाही.

बियाण्याची खोली जुन्या दगडी बांधणीची, हातभर जाडीच्या भिंती, चुन्याऐवजी माती. छताला कोपऱ्यापासून दारापर्यंत तडा गेला होता. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले आणि माझे पाय पुढे जाईनात. आत गेले तेव्हा कानात अम्मीची वाटी वाजत होती. भिंतीलगत तारेवर आठ थैल्या ओळीनं अडकवलेल्या होत्या. दोन थैल्यांचे कान उंदरांनी कुरतडल्यामुळे त्या खाली पडल्या होत्या. पहिली आणि सहावी जागा रिकामी, त्यामुळे तारेवरच्या आठ मी ओळीनंच ओळखल्या, वाचायचं कामच पडलं नाही; साहेबांची यादी हातात होती. उरल्या जमिनीवरच्या दोन. यादीत उरले दहा आणि पंधरा. एका थैलीवर उभी रेघ आणि पुढं गोल. दुसरीवर उभी रेघ आणि पुढं नुसता ठिपका. वरून माती ओघळली, चिमूटभर असेल. मला वाटलं, झालं, आलं. मी मनात म्हटलं, रेघ आणि गोल म्हणजे दहा, उघड आहे. दुसरीवरचा पाच पुसून ठिपका राहिला असेल, म्हणजे ती पंधरा. दोन्ही थैल्या उचलून मी बाहेर पळाले. झाडाखाली बसून बी नव्या थैल्यांत ओतलं, शाईनं नंबर घातले आणि उंदराच्या वासाच्या त्या जुन्या थैल्या मामाच्या चुलीत टाकल्या. "दोनदा बघितलंस न्हवं?" मामानं विचारलं. मी मान डोलावली.

पेरणी झाली. एका झाडाची एक ओळ, ओळीच्या तोंडाशी लाकडी खुंटी आणि खुंटीवर नंबर. त्यानंतर दोन दिवसांनी मी अंगणात ओट्यावर बसून क्लासचा पेपर सोडवत होते. अब्बांनी वही पुढं सरकवली आणि म्हणाले, "बाही का माप जरा बोल, मैं काटता." मी बघितलं. तिथं रेघ होती आणि पुढं गोल. "दस," मी म्हणाले. अब्बा कात्री थांबवून हसले. "दस की बाही बच्चे की होती गे. ठीक से देख, पंधरा है."

मी वहीचं मागचं पान उलटलं. सगळीकडे तोच गोल. "आणि हे?"

"ये भेग है. पाँच सूत." त्यांनी सहज सांगितलं. "पैले दिन से पाँचच है. बढ़ी नै."

म्हणजे इतके महिने मी पाच सुतांच्या, बोट शिरेल एवढ्या भेगेखाली जेवत होते आणि तिला शून्य समजून निर्धास्त होते. शून्य उर्दूत ठिपका असतो, हे मला तेव्हा कळलं. आणि त्याच क्षणी, अब्बांच्या समोर, मला हेही कळलं की फार्ममधल्या त्या दोन ओळींत मी काय करून ठेवलं आहे. दहाच्या खुंटीमागे पंधराचं बी होतं आणि पंधराच्या खुंटीमागे तो नुसता पाला. मी वही मिटली. बाही पंधराची कापली गेली.

पुढचे चार दिवस मी फार्मवर जाऊन त्या दोन ओळींकडे बघत बसायचे. आधी मला जमीन हलण्याची भीती वाटायची, आता तिच्यातून काही वर येईल याची वाटू लागली. कारण फुलं यायला महिना-सव्वा महिना लागतो, पण सोयाबीनचं बिंग त्याच्या फार आधी फुटतं. मामानंच मला दाखवलं होतं: ज्या झाडाला जांभळी फुलं येणार त्याचा कोवळा देठ जमिनीतून निघतानाच जांभळा असतो, पांढऱ्या फुलाच्याचा हिरवा. पंधरा नंबर पांढऱ्या फुलाचा होता, दहा नंबर जांभळ्या फुलाचा, आणि पांढऱ्याची लेकरं सगळीच्या सगळी पांढरी, हे तर माझं तोंडपाठ होतं. दोन गुणांचं उत्तर. मी मनातल्या मनात दुवा मागायचे की यंदापुरतं निसर्गानं चुकावं, एवढ्या एका वेळी. पाचव्या सकाळी मातीला बारीक भेगा पडल्या आणि रोपं माना वाकवून वर आली. पंधराच्या खुंटीमागे देठ जांभळे होते, अधूनमधून एखादा हिरवा. दहाच्या खुंटीमागे सगळे हिरवेगार.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब वही घेऊन आले. अंगानं किडकिडीत, कामाला वाघ, आणि चुकीला क्षमा नाही. पंधराच्या ओळीपाशी ते उकिडवे बसले, एक रोप बोटानं कलतं केलं, मग दुसरं, तिसरं. "मुकादम, हे काय आहे?"

ग्यानबामामा वाकून, डोळे अगदी रोपांना भिडवून दोन्ही ओळी बघत गेला. परत आला तेव्हा त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी खुंटीकडे पाहत राहिले. "माज्याच हातनं झालं आसंल, साहेब," तो म्हणाला. "मळनीत मिसळलं आसंल. डोळे गेले माजे."

"मिसळलं की अदलाबदल झाली? की तिसऱ्याच झाडाचं बी आलं यात? सांगता येईल कुणाला?" साहेबांचा आवाज चढला. "बी चांगलं असून काय उपयोग, त्याचं नाव पक्कं नसेल तर? ज्याचा बाप माहीत नाही त्याची उंची मोजून मी काय सिद्ध करू? उद्या सकाळी दोन्ही ओळी उपटून टाका. आणि जाता जाता हे असं करून जाल असं वाटलं नव्हतं मला." मामानं पटका काढला, कपाळ पुसलं, पुन्हा बांधला. मला वाटलं, बोलले तर अब्बांचं काम जाईल, साहेब पोलिसांना बोलावतील, क्लासमध्ये कळेल. भित्र्या माणसाला जे जे सुचतं ते सगळं सुचलं. साहेब गेले. मी सायकल काढली आणि घरी आले.

संध्याकाळी अम्मीनं खिचडी आणि चिंचेचं आंबट केलं होतं, माझ्या आवडीचं. मी नुसतीच चिवडत बसले. अब्बांनी ताटलीवरून हात काढला आणि विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं, शेवटचं सोडून. मग तेही सांगितलं: "अब्बा, तुमची वही मला वाचता येत नाही. कधीच आली नाही." त्यांना राग येईल या भीतीनं मी डोळे मिटून घेतले होते. राग आला नाही. त्यांनी भेगेकडे पाहिलं. मग म्हणाले, "मैंने ही डाला तुझे मराठी में. डाक्टर बनने के वास्ते." त्यांच्या आवाजात जे होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही, ते दुःख होतं, आणि माझं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. अम्मी एवढंच म्हणाली, "तो सुबह जाव दोनो. जल्दी जाव."

आम्ही उजाडताच निघालो, अब्बांच्या सायकलवर, मी मागे. तरी उशीरच झाला. ग्यानबामामा हुकमाचा पक्का माणूस. पंधराच्या खुंटीमागची ओळ पूर्ण उपटून त्यानं बांधावर टाकली होती आणि आता दहाच्या ओळीत, खऱ्या पंधराच्या ओळीत, अर्ध्यावर आला होता. हिरवी कोवळी रोपं त्याच्या बाजूला मुळांसकट पडलेली. मी सायकलवरून उडी मारली, पडले, तशीच ओरडत पळाले, "मामा, नका! ते पंधराच हाय! पंधरा हाय ते!"

त्यानं हात थांबवला, पण वर पाहिलं नाही. "म्हाईत हाय," तो म्हणाला. "वळ पाह्यली तवाच कळलं. तू पाचाला शून्य वाचलंस."

"मग उपटून का राहिलात?"

"साहेबाला काय सांगू? इब्राहिमभाईच्या लेकीला उर्दू येत न्हाई म्हून सांगू? पोरीच्या जातीचं नाव कसं घ्यावं मानसानं." पाच वर्षांत पाहिलेल्या सगळ्यात चांगल्या झाडाची लेकरं तो स्वतःच्या हातानं उपटत होता, का तर माझं नाव येऊ नये म्हणून. मी तिथंच ओळीत बसले आणि मोठ्यानं रडले. इतकी वर्षं झाली, हे लिहितानाही मला दोनदा उठावं लागलं.

साहेब आले तोवर मी रडून थांबले होते. मी काटकीनं मातीत रेघ काढली, पुढं गोल काढला, आणि म्हणाले, "साहेब, हा पंधरा आहे. मी दहा वाचला. मामानं नीट लिहिलं होतं, मळणीत काही मिसळलेलं नाही. मला उर्दू येत नाही आणि मी येतं म्हणाले." तारेवरच्या आठ, खाली पडलेल्या दोन, ठिपका, गोल, सगळं सांगितलं. साहेबांनी आधी मातीतल्या आकड्याकडे पाहिलं, मग उरलेल्या अर्ध्या ओळीकडे. मग त्यांनी वहीत काहीतरी खोडलं, खुंटी उपटून नंबर बदलला आणि मामाला म्हणाले, "काल बोललो ते मनावर घेऊ नका." ती अर्धी ओळ त्या खरिपात पांढरी फुलली, एकूण एक झाड, आणि शेवटपर्यंत एकही शेंग फुटली नाही. डॉक्टर मी झाले नाही. सगळा जन्म सोयाबीनच्या ओळींत गेला, आणि माझ्या हातून जे काही वाण झाले त्यांतल्या दोन वाणांच्या वंशावळीत ती अर्धी ओळ आहे.

पण त्या सकाळचं एक राहिलं. जाता जाता साहेब वळले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "जुन्या हंगामाच्या शंभरेक थैल्या आहेत अजून आत. मुकादम तर निघाले. या मुलीला वाचता येत नाही. मग त्या वाचायच्या कुणी?"

"येतंय की तिला, साहेब," ग्यानबामामा शांतपणे म्हणाला.

साहेब दिसेनासे होईपर्यंत तो उभा राहिला. मग मातीतल्या माझ्या गोलापाशी बसला, अंगठ्यानं गोलाची खालची कड जराशी आत दाबली आणि काटकी माझ्या हातात दिली. "पाच खाली दबलेला आसतो. बस इथं. म्या साहेबाला खोटं बोललो, ते दुपारपत्तुर खरं करायचं हाय."